आडवी बाग

२०२४च्या दिवाळीत घरचे फराळाला बसले होते आणि मी ओसरीवर अमेरिकेचा नकाशा रंगवत होतो. नकाशा बुऱ्हाणपूरहून मोठ्या कागदावर छापून आणलेला, खडू भाचीचे. ट्रम्प पुढे ते राज्य लाल, कमला हॅरिस पुढे ते निळं. बहुतेक राज्यांत जनमत चाचण्या बघायचीही गरज नव्हती. तिथे प्रत्येक राज्याची मतं ठरलेली; या राज्यांच्या मतांची बेरीज हॅरिसना २२६, ट्रम्पना २१९. जिंकायला २७० हवीत. उरली सात राज्यं, ९३ मतं. एकट्या पेनसिल्वेनियाची १९.

आप्पा केळीच्या बागेतून आले, पाय धुता धुता म्हणाले, "काय रे हे, आपल्या आमदारांच्या मतांसारखं?"

तसं थोडंफार आहेच. राष्ट्रपती निवडताना आपल्या मध्य प्रदेशाच्या आमदाराचं मत १३१चं, सीमेपलीकडच्या रावेरच्या आमदाराचं १७५चं. तिकडे मात्र बहुतेक राज्यांत उमेदवार एका मतानं पुढे गेला, की राज्याची झाडून सगळी मतं त्याला. म्हणूनच देशभराच्या आकड्यापेक्षा राज्याराज्याची चाचणी बघायची.

"एका राज्यात किती जणांना विचारतात?"

"आठशे, हजार."

"हं. व्यापारीपण चार घड बघूनच बागेचा भाव करतो. पण रस्त्याकडचेच घड बघितले तर? अनोळखी नंबर मी तरी उचलत नाही."

भाऊबीजेच्या सकाळी बातमी आली: आयोवात हॅरिस ४७, ट्रम्प ४४. चाचणी अॅन सेल्झर यांची, आणि आयोवात तेव्हा त्यांचा शब्द म्हणजे पक्का. लाल धरलेलं पण अजून न रंगवलेलं आयोवा मी निळं केलं. बहीण ओवाळायला थांबली होती, तरी.

मग हिशेब मांडला. सातही ठिकाणी एक-दोन टक्क्यांचाच फरक, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. सातही नाणी ट्रम्प यांच्याच बाजूला पडायची शक्यता १२८त एक. वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

६ नोव्हेंबरला दुपारी पेनसिल्वेनिया गेलं, चारच्या सुमारास विस्कॉन्सिन. पुढच्या काही दिवसांत सातही लाल झाली. ट्रम्प ३१२. गंमत म्हणजे चाचण्या फार चुकल्या नव्हत्या. विस्कॉन्सिनचा फरक एक टक्काही नव्हता, पेनसिल्वेनियाचा दोनाच्या आत. चुकलं होतं माझं गणित.

वही आप्पांना दाखवली. त्यांना आकडे काही लागले नाहीत, पण नाण्यांची गोष्ट ऐकून हसले. "मे महिन्यातल्या वादळात अर्धी केळी इकडे नि अर्धी तिकडे पडलेली कधी पाहिलीस? पडते ती सगळी एका अंगाला."

खरंच की. जो माणूस पेनसिल्वेनियात फोन उचलत नाही, त्याच्यासारखाच मिशिगनातही उचलत नाही. चाचणी एका राज्यात ज्या बाजूला झुकते, त्याच बाजूला शेजारीही झुकते. २०२०मध्ये विस्कॉन्सिनात बायडन सरासरीनं आठ टक्क्यांनी पुढे दाखवले होते, जिंकले एका टक्क्याहूनही कमी फरकानं. आणि त्या वर्षी चूक बहुतेक राज्यांत त्याच बाजूची होती. हे मला ठाऊक होतं. तरी नाणीच उडवत बसलो.

नकाशा अजून ओसरीवर आहे. आयोवा ट्रम्प यांनी तेरा टक्क्यांनी जिंकलं. निळ्यावर लाल खडू फिरवल्यामुळे तेवढं एकच राज्य जांभळं दिसतं.