मुसलमान असल्याचा दाखला

पाकिस्तानी नागरिकाला पासपोर्ट काढायचा असेल आणि अर्जातल्या धर्माच्या रकान्यात 'इस्लाम' लिहायचे असेल, तर एका प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. पैगंबर मुहम्मद (स.) हे अखेरचे नबी आहेत, एवढे लिहून भागत नाही. अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद हे तोतया नबी होते आणि त्यांना मानणारे मुसलमान नाहीत, हेही लिहून द्यावे लागते. आखातात मजुरीला निघालेला पोरगा असो की उमऱ्याला निघालेली म्हातारी, स्वतःचे इमान सिद्ध करायला आधी दुसऱ्याचे नाकारावे लागते.

मी सुन्नी घरातला. मिर्झासाहेबांचा नबुव्वतीचा दावा मला मान्य नाही आणि का मान्य नाही, ते कुणाही अहमदी माणसाला मी समोर बसून सांगू शकतो. पण तो मतभेद माझा आहे. त्यासाठी मला फौजदार नको.

हे एका रात्रीत झालेले नाही. पाकिस्तानचे पहिले परराष्ट्रमंत्री सर जफरुल्ला खान अहमदी होते. त्यांना काढा आणि अहमदींना बिगरमुस्लिम ठरवा, या मागणीवरून १९५३ साली पंजाबात दंगली उसळल्या, लाहोरात मार्शल लॉ लागला. 'कादियानी मसला' ही पुस्तिका लिहिल्याबद्दल मौलाना मौदूदींना लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली, ती पुढे टळली. (मौलानांचा जन्म आपल्या औरंगाबादचा, हे पुष्कळांना माहीत नसते.) दंगलींच्या चौकशीला न्या. मुहम्मद मुनीर आणि न्या. कयानी बसले. समोर आलेल्या आलिमांना त्यांनी साधा प्रश्न विचारला, मुसलमान कोणाला म्हणायचे? १९५४ च्या अहवालात त्यांनी लिहून ठेवले आहे की कोणत्याही दोघांचे उत्तर जुळले नाही. एकाची व्याख्या स्वीकारली, की बाकी सगळ्यांच्या हिशेबाने माणूस काफिर ठरत होता.

जे उलेमांना जमले नाही, ते वीस वर्षांनी संसदेने केले. ७ सप्टेंबर १९७४ रोजी दुसरी घटनादुरुस्ती करून अहमदींना बिगरमुस्लिम ठरवले गेले. आणि हे करणारे सरकार कुणा मुल्लाचे नव्हते, समाजवादाची भाषा बोलणाऱ्या झुल्फिकार अली भुट्टोंचे होते. जनरल झियांनी १९८४ च्या अध्यादेशाने त्याला तुरुंगाची जोड दिली. अहमदी माणसाने आपल्या इबादतगाहला मशीद म्हटले, अजान दिली किंवा स्वतःला मुसलमान म्हणवले, तर तीन वर्षांपर्यंत कैद. हा अध्यादेश १९९३ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला. न्यायालयाने त्यासाठी कंपन्यांच्या ट्रेडमार्कचे दाखले दिले. कलमा, अजान, मशीद हे शब्द जणू एखाद्या साबणाचा नोंदवलेला छाप! मला त्या निकालातली हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते. दीनाची अशी किंमत एखाद्या विरोधकानेही केली नसती.

प्रा. अब्दुस सलाम यांना १९७९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पाकिस्तानचे ते पहिले नोबेल. १९७४ च्या घटनादुरुस्तीनंतर त्यांनी निषेध म्हणून देश सोडला होता, पण नागरिकत्व सोडले नव्हते. १९९६ साली ऑक्सफर्डला इंतकाल झाल्यावर त्यांना रबवाह गावी दफन केले गेले. कबरीवरच्या दगडावर 'पहिले मुस्लिम नोबेल विजेते' असे कोरलेले होते. त्यातला 'मुस्लिम' हा शब्द पुसून टाकण्यात आला. मयताला जाब द्यायचा तो अल्लाहला, पण इथे सरकारी अंमलदार मध्ये उभा राहिला.

२८ मे २०१० च्या जुम्म्याला लाहोरात अहमदींच्या दोन मशिदींवर बंदूकधारी चालून गेले आणि ऐंशीहून जास्त नमाजी मारले गेले. अमेरिकेतली प्यू ही संशोधन संस्था १९८ देश-प्रदेशांतला धर्माचा छळ दोन वेगळ्या मापांनी मोजते, एक सरकारी निर्बंध आणि दुसरे समाजातले वैर. सरकारी निर्बंधांत चीन वर असतो, सामाजिक वैरात आपला भारत. मोजायला ही विभागणी सोयीची आहे. लाहोरात मात्र दोन्ही एकमेकांत मिसळलेली दिसतात. ज्यांना कायद्यानेच बाहेरचे ठरवले, त्यांच्यावर चाल करून जायला गर्दीला फार विचार करावा लागत नाही.

हे आज लिहायचे कारण आपल्या गप्पा. स्वित्झर्लंडने २००९ साली सार्वमत घेऊन मिनारांवर बंदी घातली, तेव्हा त्या देशात मिनार होते फक्त चार. फ्रान्सच्या शाळेतली हिजाबबंदी, शिनजियांगमधली दाढीबंदी, २०२२ साली कर्नाटकात कॉलेजच्या फाटकावर अडवलेल्या आपल्या मुली, यांबद्दल आपण बोलतो आणि बोललेच पाहिजे. पण ताजिकिस्तान? तिथे नव्वद टक्क्यांहून जास्त लोक मुसलमान आहेत आणि राष्ट्राध्यक्षही मुसलमानच. तिथे अठरा वर्षांखालच्या मुलांना मशिदीत जायला कायद्याने मनाई आहे. २०२४ साली हिजाबसारख्या 'परक्या' पेहरावावर बंदी आली, शिवाय ईदीसाठी मुलांनी दारोदार फिरण्याची रीतही बंद केली गेली. ईदीला कुठल्या सरकारने घाबरावे! आमच्या ग्रुपवर त्याबद्दल एकही संदेश फिरला नाही.

अहमदी जमातीचे जन्मगाव कादियान भारतात, पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यात आहे. केरळ उच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७० सालीच निकाल दिला की अहमदी हे मुसलमानच आहेत. तरीही आंध्र प्रदेशच्या वक्फ मंडळाने त्यांना बिगरमुस्लिम ठरवणारा ठराव केला. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, की मंडळाला असा अधिकारच नाही. जमियत-उलेमा-ए-हिंद मात्र मंडळाच्या पाठीशी उभी राहिली. ज्या सरकारशी आपले रोज खटके उडतात, त्याने आपल्याला हा धडा द्यावा, यासारखी नामुष्की नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्ग चाचांपुढे मी हे सगळे मांडले. ते दीनदार आहेत, कर्नाटकच्या मुलींसाठी तहसीलवर निघालेल्या मोर्चात उन्हात चालले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बेटा, वो मसला अलग है." मी विचारले, "चाचा, अलग कसा?" ते बराच वेळ तसबीह फिरवत राहिले. मग अस्रची अजान झाली आणि आम्ही दोघे वजूला उठलो.