कॉन्टेसाचा आवाज

हिंदुस्थान मोटर्सने 1984 ते 2002 या काळात घडवलेली कॉन्टेसा मुळात ब्रिटिश व्हॉक्सहॉलचा देशी अवतार. लांबरुंद बॉनेटमुळे तिला आपल्याकडे 'मसल कार' म्हणतात. हर्णेच्या घरी वडिलांमागे राहिलेल्या कॉन्टेसाचा बिडाचा मॅनिफोल्ड तडकला, आणि त्याजागी हेडर बसवायचे ठरले.

हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असते. प्रज्वलनक्रम 1-3-4-2 असेल, तर 1 व 4 आणि 2 व 3 अशा जोड्या आधी जुळवून मग त्या एकत्र आणतात. नळ्यांची लांबी सारखी राखली, की एकाचा उच्छ्वास दुसऱ्याची वाट अडवत नाही. मेकॅनिक म्हणाले, "सर, इथला खारा वारा लोखंड खातो. स्टेनलेसच घ्या." नवे गॅस्केट घातले, इंजिन एकदा तापून निवल्यावर बोल्ट पुन्हा आवळले.

पातळ नळ्यांचा नाद मात्र बिडाहून वेगळा, किंचित खणखणीत. धाकट्या भावाला मागचा सायलेन्सरही मोकळ्या आवाजाचा हवा होता. आई वळणावरच्या घरघरीवरून वडिलांची चाहूल ओळखत असे, म्हणून मी जुनाच ठेवला. दुरुस्ती भाषांतरासारखीच: सारे काही राखता येत नाही, काय राखायचे ते आधी ठरवावे लागते. आईला आता ती घरघर अर्धीच ओळखू येते.