भोपळ्याचं गणगोत

गेल्या शनिवारपर्यंत दुध्याशी माझा संबंध हलवा, कोफ्ते आणि पथ्याची भाजी एवढाच होता. आता मंडईत दुध्या दिसला की मी त्याला टिचकी मारून कान लावते. भाजीवाल्या मावशी म्हणतात, "ताई, कोवळाच आहे." त्यांना काय सांगू!

झालं असं की गाणं शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात, तिथल्या शाळेच्या सहावी-सातवीच्या मुलांसाठी, तीन मुलखांची वाद्यं एकत्र आणायचा घाट घातला. मी गेले ती तिच्या तानपुऱ्याची हमाल म्हणून. तेही मनातून वैतागत. 'विश्वबंधुत्व' असा फलक, हारतुरे, पाहुण्यांची अर्ध्या तासाची ओळख, मग कुणीतरी डोक्याला पिसं खोवून नाचणार, असले सोहळे मी पुष्कळ सोसलेत.

इथे फलकच नव्हता. टेबलावर एक वाळका भोपळा होता. तांबडा नव्हे, दुध्याच्या जातीचा, लाकडासारखा कडक. मुलांनी तो हातोहात फिरवला, हलवून आतल्या बियांचा खुळखुळ ऐकला, एकाने डोक्यावरही ठेवून पाहिला.

एकच वस्तू धरून शिकवायची ही युक्ती मैत्रिणीने उचलली होती थेट न्यूयॉर्कहून. चेलोवादक यो-यो मा यांनी १९९८ मध्ये 'सिल्करोड' हा प्रकल्प सुरू केला, त्यात चीनच्या वू मान पिपा घेऊन आल्या, इराणचे केहान कल्होर कमांचा घेऊन, आणि आपल्या पाटण्याचे संदीप दास तबला घेऊन. हे मला ऐकून माहीत होतं. पण २००९ मध्ये ही मंडळी न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमध्ये शिरली तेव्हा त्यांनी हातात धागा कोणता धरला? निळीचा! कापड रंगवतात ती नीळ! नीळ म्हटली की व्यापार आला, रसायनशास्त्र आलं, आपलं चंपारण आलं, आणि त्या वाटेवरची सगळी गाणी आली. मैत्रीण म्हणाली, त्यांनी नीळ घेतली, आपण भोपळा घेऊ.

मग गांबियाहून आलेल्या एका तरुणाने पिशवीतून वाद्य काढलं आणि वर्गात "आईगं" झालं. अर्धा चिरलेला भोपळा, आपल्या मोठ्या परातीएवढा, त्यावर गाईचं कातडं ताणून बसवलेलं, मधून वर गेलेला दांडा आणि २१ तारा. कोरा! नाव कोरा, पण पाटी इतकी भरलेली की काय सांगू. पश्चिम आफ्रिकेत पिढ्यान् पिढ्या हे वाजवणारी 'जाली' घराणी आहेत. वंशावळ्या, लढाया, राजांचे पराक्रम सगळं त्यांना मुखोद्गत, म्हणजे आपले शाहीर आणि भाट एकाच अंगरख्यात. वाद्य स्वतःकडे तोंड करून धरायचं आणि दोन्ही हातांचे फक्त अंगठे आणि तर्जन्या चालवायच्या. चार बोटं! त्याने ती चालवली आणि मी शपथेवर सांगते, मला तिथे तीन माणसं वाजवत असल्यासारखं वाटलं. अंगठा खाली एक ठेका धरून बसलेला, वरून सुरांची सर कोसळतेय, आणि मध्येच तो गातोही आहे.

पहिल्या बाकावरचा एक पोरगा पुढे येऊन तारांवर नाक टेकवून उभा राहिला आणि ओरडला, "यो तर तंगूस हाय!"

तंगूस म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी. पोरगं बरोबर होतं! पूर्वी कोऱ्याला हरणाच्या कातड्याच्या पिळलेल्या वाद्या लावत, आता बहुतेक जण मासेमारीचीच दोरी लावतात. हे त्या तरुणाला सांगितल्यावर तो इतका हसला की वाजवणं थांबलं. त्यानंतर त्याला वर्गात कुणी पाहुणा म्हणेना, तो 'तंगूसदादा' झाला.

तिसरे होते जव्हारकडचे एक वारली बाबा. त्यांचा तारपा. आता माझी लाज सांगते. वारली चित्रात माणसांचं वेटोळं असतं ना, आणि मधोमध एक वाजवणारा? ते चित्र माझ्या उशांच्या अभ्र्यांवर आहे, चहाच्या कपावर आहे. तो वाजवतो काय, हे मी पन्नाशी उलटेपर्यंत विचारलं नव्हतं. तो तारपा! फुंकायला भोपळा, त्याला मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. आणि बाबा श्वास सोडतात कधी, घेतात कधी, पत्ताच लागत नाही! सूर तुटतच नाही. एका मुलीने विचारलं तर म्हणाले, "वारा गालात साठवायचा." मग काय, चाळीस पोरं गाल फुगवून बसली.

आणि आमचा तानपुरा. मिरजेचा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी वाद्यांत हात घातला, आणि भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून यायला लागले. २०२४ मध्ये या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं.

तर कोरा, तारपा, तानपुरा, तिघांचा भोपळा वनस्पतिशास्त्राच्या लेखी एकाच जातीचा. लॅजेनेरिया सायसेरेरिया. मूळ आफ्रिकेचा. हा पठ्ठ्या समुद्रात तरंगतो, सात महिने खाऱ्या पाण्यात ठेवलेल्या भोपळ्यांतलं बी प्रयोगात रुजलेलं आहे. २०१४ च्या जनुकीय अभ्यासाने तर असं दाखवलं की अमेरिकेत तो आफ्रिकेहून तरंगतच पोचला असावा. आपल्याकडे भोपळा पाठीला बांधून पोरं विहिरीत पोहायला शिकत, आणि हा स्वतःच एक महासागर पोहून गेलेला! परीक्षेत भोपळा मिळाला म्हणून मी एकेकाळी रडले होते.

पण खरी गंमत पुढे. तिघांनी मिळून वाजवायचं ठरलं आणि काही केल्या जुळेना. तारप्याचा सूर आपल्या पेटीतल्या कुठल्याच पट्टीत नीट बसत नव्हता. मैत्रीण हळूच म्हणाली, "बाबा, जरा वर..." बाबा शांतपणे म्हणाले, "हा एवढाच हाय." भोक पाडलेला बांबू कसा बदलणार? तार पिळता येते, बांबू नाही. म्हणजे तानपुऱ्याने आणि कोऱ्याने त्याच्याकडे जायचं! एरवी असल्या मेळात आदिवासी वाद्याला कोपऱ्यात दोन मिनिटं फुंकायला देतात आणि बाकीचे आपल्या पट्टीत मजेत असतात. इथे मैत्रिणीने खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, कोरावाल्याने एकवीसच्या एकवीस तारा पुन्हा लावल्या. वीस मिनिटं गेली. मला वाटलं पोरं आता दंगा करणार. छे! दर तारेला वर्ग ओरडत होता: "आजून खाली! आजून! हां, बसला!" मी गाण्याच्या मैफलींना तीस वर्षं जाते, सूर लागताना असा जल्लोष मी कधी ऐकला नाही. खरं तर वाद्यं लावणं हाच कार्यक्रम होता. नंतरचं वाजवणं सुंदरच झालं, पण त्याबद्दल मला फार सांगता येणार नाही, कारण तोवर बाबांभोवती वेटोळं धरून मुलं नाचायला लागली होती आणि त्यात मीही होते, गुडघ्यासकट.

पाचव्या फेरीला फट्‌ असा आवाज झाला. कोऱ्याची जाड तार तुटली. तंगूसदादाचा चेहरा पडला, जादा तारा मुंबईला राहिलेल्या. तो नाक टेकवणारा पोरगा कधी पळाला कुणाला कळलं नाही. आला तो धापा टाकत, मुठीत तंगुसाची वेटोळी. "घोळ माशासाठीची हाय, तुटनार नाय." त्यानेच गाठ मारली. कोरावाल्याने ती गाठ दोनदा सोडायला लावून पुन्हा मारून घेतली, फोनवर तिचा व्हिडिओ केला, आणि तार लावून अंगठ्याने छेडली. घोळीच्या दोरीतून गंभीर, घुमणारा खर्ज निघाला.

संध्याकाळी बसची वाट बघत थांब्यावर उभे होतो. जाळी विणत बसलेला एक माणूस पलीकडच्याला विचारत होता, आपल्या रिळातली दोन वाव दोरी नेली कुणी.