कायद्यातला ‘तो’

तो, ती, ते ही तीन सर्वनामे मुलांच्या गळी उतरवण्यात माझी वीस वर्षे गेली. कायद्याशी माझा संबंध घरपट्टीच्या पावतीपुरता. परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयात एका ‘तो’वरून वाद झाल्याचे वाचले आणि मास्तरकीची खोड जागी झाली.

बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा इंग्रजी मजकुरात गुन्हेगाराला ‘तो’ म्हणतो. आरोपी होती स्त्री. कायद्यात ‘तो’ आहे, ‘ती’ नाही, तेव्हा हे कलम मला लागू नाही, असा तिचा बचाव. न्यायमूर्तींनी तो मानला नाही. १८६० च्या दंडसंहितेतच ८ वे कलम होते : ‘तो’ म्हणजे कोणतीही व्यक्ती, पुरुष असो वा स्त्री. व्याकरणाने न्याय केला म्हणून मी सुखावलो.

पण बलात्काराच्या कलमात सर्वनाम नाही. चक्क ‘पुरुष’ हे नाम आहे. तेथे व्याकरणाची मात्रा चालत नाही. सामूहिक बलात्काराचा आरोपही स्त्रीवर ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले. फेब्रुवारी २०१३ च्या वटहुकुमात ‘पुरुष’ जाऊन ‘व्यक्ती’ आली होती; दोन महिन्यांत ‘पुरुष’ परतला. स्त्री-संघटनांना भीती होती, की फिर्यादी बाईवरच उलट फिर्याद होईल. चौकीची पायरी चढताना जिथे बाईचे पाय लटपटतात, तिथे ही भीती मलाही पटते.

मात्र बाईला सूट देण्यामागे नेहमी दयाच असते असे नाही. व्यभिचाराच्या जुन्या ४९७ व्या कलमात शिक्षा फक्त परपुरुषाला. मेख अशी, की नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! बाई म्हणजे नवऱ्याचे शेत. शेताला कोण शिक्षा करतो? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले.

हे सारे मी पुस्तकी कुतूहलाने वाचत होतो असे मात्र नाही. शेजारच्या गावच्या एका तेरा वर्षांच्या मुलाशी नात्यातली बाई जे वागली, ते दिवाळीच्या अंकात लिहू नये. गावात कळले तेव्हा पारावरची मंडळी हसली. ‘पोरगं नशिबाचं’ म्हणाली. पोराने शाळा सोडली. त्याची आई मला म्हणाली, “गुरुजी, पोरगी असती तर गाव पेटलं असतं. माझं पोर हाय म्हणून हसत्यात.”

मी तिच्याबरोबर चौकीवर गेलो. हवालदाराने हसू दाबले, पण फिर्याद घेतली. या कायद्याखाली ती न घेणे हाच गुन्हा आहे. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत, असे सोसल्याचे सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून अधिक मुलगेच निघाले होते.

मराठीत मूल नपुंसकलिंगी असते. ते मूल. त्याला कायदा आहे. अठरा सरले की त्याचा ‘तो’ होतो. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुने ३७७ वे कलमही उरले नाही. सज्ञान पुरुषावर असा अत्याचार झाला तर त्यासाठी वेगळे कलम नाही.

कलमे बदलणे संसदेचे काम. पारावरचे हसू आपले आहे. वाचकहो, दिवाळीला घर मुलांनी भरलेले असते. त्यांतले एखादे अडखळत काही सांगू लागले, तर तो की ती हे पाहू नका. ऐकून घ्या.