मिगचे सुतक

भिलाईजवळच्या नंदिनीत चुनखडीच्या खाणीची धूळ कुणाला सोडत नाही. साहेबांची जीप, शाळेचे फाटक, दोरीवरची लुगडी, सगळे एका रंगाचे. हा दगड मालगाडीत बसून भिलाईच्या पोलाद प्लांटला जातो, भट्टीत उतरतो, लोखंडातला मळ स्वतःच्या अंगावर घेतो आणि मळी होऊन बाहेर पडतो. खाणीच्या अलीकडे प्लांटची एक धावपट्टी आहे. तिकीट काढून बसावे असे विमान तिथून सुटत नाही. तरीही आकाशात घरघर झाली की इथला माणूस हातातले काम थांबवून वर पाहतोच.

नवरात्रातल्या शुक्रवारी, 26 सप्टेंबर 2025 रोजी, चंडीगडला मिग-21 हे लढाऊ विमान शेवटचे उडाले. हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग स्वतः आकाशात गेले, खाली पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली, आणि बासष्ट वर्षांची नोकरी संपली. इथे घरोघरी जोत तेवत होती, रस्त्यावर देवीचे जसगीत रंगले होते. सणात सुतक धरत नाहीत. मी मनातल्या मनात धरले.

कारण भिलाई आणि मिग, दोघेही एकाच दारातून या देशात आले. सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार 1955 चा. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू झाली ती 4 फेब्रुवारी 1959 ला. मिगचे ठरले 1962 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी पहिली विमाने चंडीगडला उतरली. मग ती इथेच घडू लागली. सांगाडा नाशिकजवळच्या ओझरला, इंजिन आमच्या बस्तरला लागून असलेल्या कोरापुटला. 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर मिगनी रॉकेटे डागली. दोनच दिवसांनी शरणागतीवर सही झाली. ती त्याची भर उमेद.

वारसाचा विचार झाला नाही असे नाही. 1983 मध्येच हलक्या लढाऊ विमानाची योजना सुरू झाली. ते पहिल्यांदा उडाले 4 जानेवारी 2001 ला, त्याचे नाव तेजस ठेवले 2003 मध्ये, आणि त्याची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली 2016 मध्ये. मधल्या काळात विकत घेण्याचेही घाटत होते. 2007 मध्ये 126 विमानांची निविदा निघाली, आठ वर्षांनी गुंडाळली गेली, आणि हाती आली 36 राफेल. फायली या टेबलावरून त्या टेबलावर जात होत्या, तोवर मिग उडत होते. म्हणजे पोरे उडवत होती; त्यांतल्या कितीतरी जणांचे विमान त्यांच्याहून वयाने मोठे.

2012 मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी राज्यसभेत हिशेब मांडला. सगळ्या जातींची मिळून 872 मिग, त्यांतली 482 अपघातात गेलेली. 171 वैमानिक. जमिनीवरचे 39 नागरिक. हे आकडे वाचताना मला वैमानिक अभिजित गाडगीळ आठवतो. 17 सप्टेंबर 2001 ला, रात्रीच्या उड्डाणात, सुरतगडजवळ गेला तो. दोष त्याच्याच माथी मारण्यात आला. त्याची आई कविता गाडगीळ तो शिक्का पुसायला उभी राहिली, दिल्लीशी भांडली, आणि अखेर हवाई दलप्रमुखांचे पत्र तिच्या हाती आले. मेलेल्या मुलाची अब्रू सांभाळायला आईला इतकी वर्षे लागावीत, हे मिगच्या कुठल्याही गौरवग्रंथात बसणार नाही.

आणि वारसाचे अडले कुठे? आगीपाशीच. आम्ही आगीच्या शेजारी राहणारी माणसे, म्हणून हे जास्त लागते. जेट इंजिनातला वायू टर्बाइनच्या पात्याच्या धातूला वितळवील इतका तापलेला असतो. पात्याच्या पोटातून बारीक वाटांनी हवा खेळवायची, वरून लेप द्यायचा, आणि अख्खे पाते एकाच स्फटिकाचे ओतायचे, तेव्हा कुठे ते तग धरते. तेजससाठीच्या देशी कावेरी इंजिनाचे काम 1980 च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतले. 2008 मध्ये तेजसची आणि त्याची फारकत झाली. ज्यांनी टनावारी रूळ लाटले त्यांना तळहातावर मावणारे पाते जमेना. यात कामगारांची हयगय मला दिसत नाही. असल्या कामाला बुडीत पैसा आणि लांब श्वास लागतो. दिल्लीकडे दोन्ही तुटपुंजे होते.

पोलाद मात्र जमले. विक्रांत या विमानवाहू जहाजाला भिलाईच्याही प्लेटी लागल्या आहेत. 2 सप्टेंबर 2022 ला ते नौदलात आले तेव्हा भिलाईच्या सेक्टरांतल्या म्हाताऱ्यांनी पेढे वाटले असते तरी शोभले असते. पण त्या डेकवर उभी राहिली रशियन मिग-29के. आता 26 राफेल एम यायची आहेत, करार एप्रिल 2025 चा.

नंदिनीच्या संपलेल्या खाणींत जंगल लावले आहे. खड्ड्यांत पाणी साठले, पाखरे आली. मिगच्या जागी मात्र तेरा स्क्वाड्रनची पोकळी आहे: मंजूर 42, उरल्या 29.

निरोपाच्या आदल्याच दिवशी आणखी 97 तेजसचा करार झाला, 62,370 कोटींचा. तीन आठवड्यांनी, 17 ऑक्टोबरला, ओझरहून तेजस मार्क-1ए उडाले, जिथे मिग घडले त्याच ओझरहून. पाहून बरे वाटले. त्याचे इंजिन अमेरिकी. ती इंजिने उशिरा येत आहेत. 2021 च्या कराराप्रमाणे या जातीचे पहिले विमान हवाई दलाला मार्च 2024 पर्यंत मिळायचे होते.