कापसाच्या बंड्या आणि हिंगणघाटचा बाजार

वर्धा जिल्ह्याच्या दक्षिणेला, वणा नदीच्या काठी हिंगणघाट वसलेले आहे. जिल्ह्याचे ठिकाण वर्धा खरे, पण आमच्या बाजूच्या खेड्यांत 'शहरात जाऊन येतो' म्हटले म्हणजे हिंगणघाटलाच जायचे, हे कोणी विचारीत नसे. वर्धा शहर तसे अलीकडचे. १८६६ साली पालकवाडीच्या जागेवर ते नव्याने वसवले गेले. हिंगणघाट मात्र त्याच्याही आधीपासून कापसाची पेठ म्हणून नावारूपाला आलेले होते.

आमचे गाव नंदोरीच्या पुढे, हिंगणघाटपासून पाच कोसांवर. कापूस भरून बंडी मध्यरात्री जुंपली की तांबडे फुटायच्या सुमारास शहराचे दिवे दिसत. मी हे सांगतो आहे ते १९७८ ते १९८८ या दहा वर्षांतले. नंतर कृषी पदवी घेऊन मी नोकरीला लागलो आणि याच भागात विस्ताराच्या कामासाठी गावोगाव हिंडलो. त्यामुळे हे शहर मी आधी बंडीवर बसून पाहिले आणि मग मोटरसायकलवरून.

बंडी भरणे हेच एक मोठे काम असे. चारी बाजूंनी ताट्या बांधायच्या आणि आत उतरून कापूस पायांनी तुडवायचा. आम्हा मुलांना त्यासाठीच बोलावीत. मोठी माणसे एक एक गाठोडे वरून ओतीत आणि आम्ही नाचत नाचत तो दाबत असू. आठ-दहा क्विंटल कापूस एका बंडीत मावे. वरून दोर आवळला की त्या मऊ ढिगावर झोपून जायला मिळे. थंडीच्या दिवसांत त्याच्यासारखी गादी नाही. बाबा धुरेवर बसून बैलांशी बोलत आणि मागच्या-पुढच्या बंड्यांचे कंदील हलत असत. एकेका गावच्या पाच-दहा बंड्या सोबतच निघत, कारण वाटेत चाक मोडले तर हाताशी माणसे असावीत.

शहरात शिरताना आधी ऐकू येई तो गिरणीचा भोंगा. १९०० च्या सुमारासच या गावात दोन कापडगिरण्या होत्या. एक बन्सीलाल अबीरचंद यांच्या नावाची, दुसरी मोहता यांची. पहिली गिरणी १९७४ साली सरकारने ताब्यात घेतली आणि राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे सोपवली. आमच्या लहानपणी भोंग्यावर नुसते कामगारच चालत नसत. हॉटेलवाल्याची भट्टी, पानवाल्याची टपरी, सायकल दुरुस्तीवाला, सारे शहर पाळीच्या वेळा सांभाळून असे. पगाराच्या दिवशी कारंजा चौकाकडे पाय ठेवायला जागा नसायची. आमच्या गावची चार-सहा माणसेही गिरणीत होती. घरी पाच एकर कोरडवाहू आणि एक भाऊ गिरणीत, असे घर त्या वेळी सुखी समजले जाई, आणि ते खोटे नव्हते. पाऊस दगा देई, पण पगार महिन्याच्या महिन्याला येई.

कारंजा चौकातून पुढे बाजाराच्या गल्ल्या सुरू होत. कापडाच्या दुकानांत पांढऱ्या गाद्या अंथरलेल्या असत. चपला बाहेर काढून गादीवर बसल्याशिवाय कापड दाखवीतच नसत. दुकानदार आधी कापडाचे बोलायचाच नाही. "काय पाटील, यंदा पऱ्हाटी कशी आहे? बोंडं धरली का?" असे विचारी. हा प्रश्न नुसता प्रेमाचा नव्हता हे मला पुढे कळले. आमच्या शेतात बोंडे किती धरली त्यावर तो उधारी किती द्यायची ते ठरवीत असे. तरीही त्याला आमच्या शेताची, भावकीची, कोणत्या मुलीचे लग्न यंदा आहे याची खडान्खडा माहिती असे. आज मोठ्या दुकानात वस्तूवर किंमत छापलेली असते आणि घासाघीस नसते. ते बरेच आहे. पण तिथल्या माणसाला तुमचे गाव ठाऊक नसते.

त्यापलीकडे भांड्यांची दुकाने. पितळेचे गुंड, कोपर, परात, आणि बाजूला कल्हईवाल्याचा भाता. दोरखंड, वेसणी, घुंगुरमाळा, पोळ्यासाठी झुली आणि बेगड मिळण्याची दुकाने वेगळी. लोहाराच्या दारात बंडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवीत असत. लाल तापलेली धाव चाकावर बसवून वरून पाणी ओतले की जो धूर उठे, तो बघायला आम्ही तासन् तास उभे राहत असू. एवढे सगळे धंदे बैलाच्या जिवावर चालत, हे तेव्हा ध्यानात येत नसे. गावात ट्रॅक्टर वाढले, बैल कमी झाले, तशी ही दुकाने एकेक करून कमी होत गेली.

आई वर्षातून एकदाच येई, चुकारा हाती पडला म्हणजे. दिवाळी बहुधा उधारीवर व्हायची, कारण दिवाळीपर्यंत पहिल्या वेच्याचाच कापूस घरात आलेला असे. सीतादही झाले, वेचा सुरू झाला, कापूस विकला आणि पैसे मिळाले, की मग ती घरातल्या बायकांना घेऊन बंडीत बसे. तिची यादी तोंडपाठ असे. दोन लुगडी, पोरींना परकराचे कापड, एक गुंड, हळद-मिरची, आणि उरले तर काचेच्या बांगड्या. बांगड्या नेहमीच उरत, कारण आधी ती बांगड्यांचे पैसे वेगळे काढून पदराच्या गाठीत ठेवी. बाबांना ते माहीत होते आणि त्यांनी कधी विचारले नाही. परतताना आलूबोंडे किंवा जिलबी घेतली जाई. ती पुडी मात्र गाव येईपर्यंत उरत नसे.

आता कापूस विकण्याविषयी लिहायला हवे, नाहीतर वाचकांना वाटेल की तेव्हा सगळे गोडच होते. राज्यात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी योजनेतच विकायचा, व्यापाऱ्याला नाही. हेतू चांगला होता. व्यापाऱ्यांनी भाव पाडू नयेत, लहान शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा, एवढ्यासाठी ती आणलेली होती. पण हंगामात खरेदी केंद्रांपुढे बंड्यांच्या रांगा लागत. दोन दोन, तीन तीन दिवस नंबर लागत नसे. रस्त्याच्या कडेला तीन दगड मांडून पिठले-भाकरी होई, रात्री कोणी भजन म्हणे, कोणी पत्ते खेळे. बंडीवर आळीपाळीने राखण असे. नंबर लागला की ग्रेडर मुठीत कापूस घेऊन प्रत सांगे. ओलसर आहे म्हणाला किंवा कवडी जास्त आहे म्हणाला, की प्रत खाली आणि भावही खाली. चुकारा पुन्हा हप्त्यांनी. त्या रांगेची गोष्ट आज आम्ही हसत हसत सांगतो, पण खरी हकिकत बैलांना विचारायला हवी होती.

आणि गंमत अशी, की या रांगेवरच बाजार जगत होता. तीन दिवस अडकलेला माणूस चहा पिणार, दाढी करणार, वहाण शिवून घेणार, एखादा सिनेमा पाहणार. गावातली भावकीची भांडणे, सोयरिकी, गुरांचे सौदे, कितीतरी गोष्टी त्या रांगेत मिटल्या किंवा ठरल्या. माझ्या थोरल्या बहिणीचे स्थळ बाबांना वडनेरकडच्या एका बंडीवाल्याने अशाच रांगेत सुचवले होते.

हिंगणघाटच्या कापसाचा जुना इतिहास मी पदवीच्या अभ्यासात वाचला, तेव्हा चकित झालो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेत पोचेनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या अडल्या, आणि आपल्या कापसाला कधी नव्हे असे भाव आले. 'हिंगणघाट' हे नावच विलायतेच्या बाजारात एका प्रतीचे नाव होते. ही प्रत म्हणजे आपली बाणी, देशी कापसाची जात. धागा बारीक, मऊ आणि देशी कापसात लांब. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली, पुढल्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्याच्या कोळशासाठी फाटा निघाला आणि हिंगणघाटचा कापूस थेट मुंबईला जाऊ लागला.

मग ही बाणी गेली कुठे? ती कीडरोगाने मेली नाही. बाणीला उत्पन्न कमी आणि रुईचा उतारा कमी. तिच्या शेजारी जरी नावाची जाडीभरडी जात येई, पण भरभरून येई आणि उताराही जास्त देई. पुढे रोझियम आली. तिचा उतारा तर चाळीस टक्क्यांपर्यंत जाई. बाजारात चांगल्या धाग्याला जो जास्तीचा भाव मिळायचा, तो कमी उत्पन्नाची भरपाई करण्याइतका नव्हता. मग शेतकऱ्याने काय करावे? त्याने हिशेब केला आणि जरी लावली. विलायतेचे व्यापारी भेसळीच्या तक्रारी करीत राहिले. माझ्या मते त्यात शेतकऱ्याचा काही दोष नव्हता. ज्याला चांगला माल हवा त्याने चांगले पैसे मोजावेत.

हे मी मुद्दाम लिहितो, कारण जुन्या बाजारात आमच्या वडील माणसांना हा हिशेब हातात होता. बाबा चौथी शिकलेले. पण मूठभर कापूस घेऊन सरकी दोन बोटांत दाबीत, रुई ओढून धागा बघत आणि सांगत, हा पस्तिसाचा, हा तेहतिसाचा. सुरतेच्या संशोधन केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली जगातला पहिला संकरित कापूस, संकर-४, काढला. तो आमच्याकडे 'एच-फोर' म्हणून आला तेव्हा लोकांनी बी घेण्याआधी कापूस हाताळून बघितला, रांगेत एकमेकांना दाखवला, मगच पेरला. विस्ताराचे काम करताना मी कितीही सभा घेतल्या तरी त्या रांगेएवढा प्रचार माझ्याकडून झाला नाही.

२००२ साली बीटी कापूस आला. त्याच सुमारास एकाधिकार खरेदीची मक्तेदारी सुटत गेली आणि खाजगी व्यापारी उघडपणे कापूस घेऊ लागले. हिंगणघाटचा बाजार मोडला नाही. आजही हंगामात हिंगणघाट बाजार समितीत कापसाची मोठी आवक होते आणि दूरदूरचे शेतकरी येतात. पण आता येते ती पिकअप किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली. वजनकाट्यावर गाडी चढते, जिनिंगमध्ये रिकामी होते, पैसे खात्यात जमा होतात आणि गाडी आली तशी परत जाते. रांगेतले तीन दिवस वाचले, बैलांचे हाल वाचले, याचा मला आनंदच आहे. मात्र कापसाबरोबर जो माणूस पूर्वी शहराच्या मध्यभागी येई, तो आता बाहेरच्या बाहेर परत जातो. घरातल्या बायका तर त्या गाडीत नसतातच.

जुन्या गिरणीचा भोंगा ऐकू येत नाही त्याला बरीच वर्षे झाली. नंदोरी चौकात आता इतकी वाहने असतात की तिथे बंडी उभी करण्याची कल्पनाही करवत नाही. कारंजा चौकाकडे गादीवाली दुकाने अजून एखाददुसरी आहेत. गल्लाही तोच, फक्त गल्ल्यावर आता नातू बसतो.

दोन वर्षांमागे एका गावात महिला बचत गटाची सभा होती. मी कापसाच्या भावाबद्दल बोलत होतो. एक मावशी म्हणाल्या, "साहेब, तीस वर्षं झाली मी कापूस येचते, पण त्याचं पुढं काय होते ते मी पायलंच नाही." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मग आम्ही एक गाडी केली आणि बावीस जणींना एका जिनिंगमध्ये घेऊन गेलो. रेचे चालू होते. एका बाजूने कापूस जात होता, दुसरीकडे रुई निघत होती, खाली सरकी पडत होती. मी कागदावर हिशेब मांडला. शंभर किलो कापूस, त्यातून सुमारे चौतीस किलो रुई, चौसष्ट किलोच्या आसपास सरकी, बाकी घट. एकशे सत्तर किलो रुईची एक गाठ, म्हणजे पाच क्विंटल कापसाला एक गाठ धरा. सरकीतून तेल निघते, ढेप होते, आणि तीच ढेप आपण गाईम्हशींना विकत आणून घालतो.

त्याच मावशी सरकीच्या ढिगाजवळ बसल्या, मूठभर सरकी उचलली आणि म्हणाल्या, "मंग हे सरकीचे पैसे कोनाले भेटते?"

मी म्हणालो, कापसाच्या भावात रुईचे आणि सरकीचे दोन्ही पैसे धरलेले असतात. त्यांनी विचारले, किती धरले ते आम्हाला कोण सांगते? तेव्हा मी त्या दिवशीचे रुईचे आणि सरकीचे दर विचारून घेतले आणि तिथेच, गाठींवर कागद ठेवून, सगळ्यांसमोर गुणाकार केला. त्यातून रेचणीचा खर्च वजा केला. दोन-तीन मुली बारावी झालेल्या होत्या, त्यांनी तो आपापल्या मोबाइलवर उतरवून घेतला. मावशींनी मात्र आकडे दोनदा तोंडाने म्हणवून घेतले.

परतताना गाडी कारंजा चौकात थांबवायची असे आधीच ठरले होते. बावीस जणी उतरल्या आणि बांगड्यांच्या दुकानाकडे गेल्या. दीड तास झाला तरी कोणी परत आले नाही. ड्रायव्हर कुरकुर करू लागला, म्हणून मी त्याला आलूबोंडे घेऊन दिले.