आत्तीचा वीरधवल

तुमच्या वाचनाची सुरुवात कोणत्या ग्रंथापासून झाली, असं कुणी विचारलं की पूर्वी मी बेधडक खोटं बोलत असे. चारचौघांत हरिभाऊ आपट्यांचं नाव घेतलं म्हणजे माणूस जरा भारदस्त वाटतो! आता ती हौस उरली नाही. खरं सांगतो, सुरुवात झाली ती नाथमाधवांच्या ‘वीरधवल’पासून.

पलूस तेव्हा तासगाव तालुक्यातलं खेडं होतं. आमच्या सोप्यात आत्तीची खाट असे. विहिरीच्या पायऱ्यांवरून ती पडली आणि कमरेतून कायमची अधू झाली. त्यानंतर तिचं जग म्हणजे ती खाट, वरचं आढं आणि दारातून दिसेल तेवढं अंगण. तिला अक्षरओळख नव्हती. रात्री जेवणं उरकली की ती मला हाक मारी, “काढ रं तुजं पुस्तक. काल तलवार उपसून हुबा केलायस त्येला, हात अवघडला आसंल!”

या जातीच्या कादंबऱ्यांचा सरंजाम वाचकांना ठाऊकच आहे. राजवाडे, भुयारं, वेषांतरं, मंत्रतंत्र जाणणारा कुणी कपटी आणि या सगळ्यांना पुरून उरणारा एक देखणा तरुण. पुढल्या पानावर काय होणार हे आत्ती आधीच सांगे आणि तसंच घडलं म्हणजे स्वतःच घडवून आणल्यासारखी खूश होई. किर्लोस्करवाडीच्या बाजूनं रात्रीच्या गाडीची शिटी ऐकू आली की आई आतून ओरडे, “पुरं आता, रॉकेल काय फुकट येतंय?” तलवार पुन्हा रात्रभर हवेत!

पुढे मी सांगलीला कॉलेजात गेलो आणि शहाणा झालो. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. मग हरिभाऊंनी मराठी कादंबरी राजवाड्यातून उचलून मध्यमवर्गाच्या माजघरात आणली. ‘वीरधवल’ त्याच्याही नंतरची, १९१३ ची. म्हणजे आलेली वाट सोडून पुन्हा राजवाड्याकडेच! दिवाळीच्या सुटीत आत्तीनं पुस्तक वाचायला सांगितलं, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, “आत्ती, त्यात काही दम नाही गं. शेवटी तोच जिंकणार, हे पहिल्या पानावरच कळतं.”

ती थोडा वेळ आढ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आरं, म्हनूनच तर ऐकायचं. माजं काय हुनार, ते कुनाला ठावं हाय? त्येचं तरी ठावं आसूंदे.”

मी हसलो आणि मित्रांकडे फराळाला निघून गेलो. पुढल्या दिवाळीला सोप्यातली खाट रिकामी होती.

बऱ्याच वर्षांनी नाथमाधवांची हकीकत वाचनात आली. खरं नाव द्वारकानाथ माधव पितळे, जन्म १८८२ चा. ऐन तारुण्यात शिकारीच्या नादात ते सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. कादंबऱ्या लिहिल्या त्या त्यानंतर. १९२८ साली ते वारले. ज्याला स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नव्हतं, त्यानं आपल्या नायकाला तलवार देऊन उभं केलं होतं! हे मला आत्तीला सांगायचं होतं.

परवा दिवाळीला पलूसला गेलो होतो. गावाभोवती आता द्राक्षांचे मळे आहेत. जुन्या ट्रंकेत पुस्तक सापडलं. पुठ्ठा उडालेला, पानांवर रॉकेलचे डाग. सोप्यात बसून पुटपुटत वाचू लागलो, तशी फुलबाजी विझवून नातू शेजारी येऊन टेकला.

“आजोबा, शेवटी हा जिंकतो का?”

“जिंकतो.”

“मग मोठ्यानं वाचा ना!”